एका विहिरीत तीन मापं

आमच्या मंडळाचा नियम एकच होता, आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता: केलेलं सांगायचं नाही. बाळंतिणीकडे डिंकाचे लाडू पोचवा, कुणाच्या म्हाताऱ्या सासूला टांग्यात घालून दवाखान्यात न्या, जत्रेत चुकलेलं पोर आईच्या हवाली करा, आणि गप्प घरी या. नवऱ्यालाही सांगायचं नाही. मला नवराच नव्हता, त्यामुळे माझी निम्मी परीक्षा आधीच पास झाली आहे, असं बाकीच्या हसून म्हणत.

मी मूळची अकोल्याची. अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या शाळेचे हुकूम नागपुराहून यायचे. एकटी बाई, खोली भाड्याची, संध्याकाळ मोकळी. शेजारच्या वकिलीणबाईंनी एका शनिवारी हात धरून आपल्या ओसरीवर नेलं आणि मी मंडळाची झाले. वकिलीणबाई अध्यक्ष. बाकी आम्ही दहा-बाराजणी, कुणी वकिलाघरच्या, कुणी मास्तराघरच्या, आणि एक भटजींच्या घरच्या काकू, ज्या बोलताना सतत वाती वळत असत.

मला तो नियम फार आवडायचा. खरं सांगायचं तर मला त्याची घमेंड चढली होती. पुरुषांच्या मंडळात बिल्ले असायचे, फोटो काढले जायचे, हार पडायचे. आम्हाला काही नको होतं. काही नको असण्याचा तोरा किती असतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. शाळेला सुटी लागली होती, पण मी अकोल्याला गेले नाही. मंडळाचं काम सोडून आईच्या हातचा आमरस खायला जाणं मला लाजिरवाणं वाटलं. म्युनिसिपल कमेटीच्या डॉक्टरांनी विहिरींत टाकायच्या औषधाचे डबे आम्हाला दिले. पांढरी भुकटी, नाकात झोंबणारा वास. बरोबर एक टिनाचं माप. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं: पाण्याची खोली दोरीने मोजायची, पुरुषभर पाणी असेल तर एक माप, भुकटी आधी बादलीत कालवायची, मग विहिरीत सोडायची. हे काम बायकांकडे यायचं कारणही साधं होतं. विहिरीवर बायकाच असतात, आणि अनोळखी पुरुष डबा घेऊन आले की त्या घागरी उचलून चालू लागतात.

तरी सोपं नव्हतंच. सरकारी औषधाने बायका वांझ होतात अशी आवई उठली होती. एका वस्तीत आमच्या अंगावर शेण फेकलं गेलं. तेव्हा आम्ही युक्ती काढली: विहिरीवर कुणी नसेल ती वेळ गाठायची, औषध टाकायचं, निघून यायचं. भिंतीवर खूण नाही, कुणाला निरोप नाही. नियम तर आमच्या बाजूनेच होता. आम्ही भीतीलाही नियमाचं लुगडं नेसवलं होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वलगावच्या रस्त्याला माळ्यांची वस्ती होती. तिच्या तोंडाशी एक मळा, मळ्यात मोठी बांधीव विहीर, आणि त्या विहिरीचं पाणी वस्तीतली पंधरा-वीस घरं प्यायची. त्या मळ्याची मालकीण माळीणकाकू रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या आळीत यायची. वांगी, कोथिंबीर, मोगऱ्याचे गजरे. तोंडाची फटकळ, पण मापाला सढळ. मी गेले त्या दिवशी मळ्यात चिटपाखरू नव्हतं. तिच्या मुलाचं लग्न तिवस्याला होतं आणि अर्धी वस्ती लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेली होती. मी दोरी सोडली. पाणी जेमतेम पुरुषभर. एक माप पुरे होतं. पण आदल्याच दिवशी पलीकडच्या वस्तीत दोन माणसं दगावली होती, आणि माझा स्वभाव असा की भाजीत मीठसुद्धा मी जरा जास्तच टाकते. मी दोन मापं टाकली. बादलीत कालवायचाही कंटाळा केला. कोरडीच भुकटी आत ओतली आणि मोठं काम केल्याच्या समाधानात घरी आले.

पंधरा-एक दिवसांनी माळीणकाकू पुन्हा दारात बसल्या तेव्हा टोपलीत नुसती कोथिंबीर होती. मी हटकलं, मिरचीची-वांग्याची रोपं कशी आहेत, यंदा शेतकरी कधी येणार न्यायला. ती रोपं म्हणजे त्यांचं वर्ष होतं. मृगाआधी आजूबाजूच्या गावचे लोक त्यांच्याकडून रोपं नेत.

"कायची रोपं, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "सारे वाफे जळून गेले. सून पांढऱ्या पायाची निघाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वऱ्हाड परत आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेने विहिरीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दोन-तीन दिवस वाफे तहानलेले होते, म्हणून पूजेनंतर लगेच मोट धरली. मोटेला तळाचं गढूळ पांढरट पाणी आलं, त्याला कसला तरी उग्र वास. ते पाणी वाफ्यांत फिरलं आणि तिसऱ्या दिवशी रोपं पांढरी पडून माना टाकून बसली. तिने हात लावला आणि विहीर नासली, असं सारी वस्ती म्हणत होती. कुणी करणीपर्यंत गेलं होतं. घरात आठ दिवस तिला चुलीला शिवू दिलं नव्हतं. आता बुधवारी तिला तिवस्याला बापाकडे धाडायचं ठरलं होतं. परत आणायचं नाही, हेही ठरलं होतं. मुलगा काय म्हणतो, असं मी विचारलं. तो चांदूर रेल्वेला मामाकडे जाऊन बसला होता, कारण घरात त्याला कुणाकडेच पाहवत नव्हतं.

त्या दिवशी सोमवार होता.

माझ्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली. तिथेच सांगायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. माळीणकाकू टोपली डोक्यावर घेऊन गेल्या, आणि मी पायात वहाणा सरकवून थेट वकिलीणबाईंच्या ओसरीवर गेले.

वकिलीणबाईंनी निरोप धाडून चार-पाचजणींना बोलावलं. मी सगळं सांगितलं. दोन मापं टाकली, कोरडी टाकली, चूक माझी. उद्याच जाऊन त्या घरी तसं सांगणार. मग माझ्या लक्षात आलं की भटजींच्या काकूंच्या हातातली वात अर्धवट थांबली होती.

त्यांनी खाली मान घालून सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीत त्यांनीही एक माप टाकलं होतं. वस्त्या आम्ही वाटून घेतल्या होत्या, पण तो मळा माझ्या वाट्याचा की त्यांच्या, हे कधी नीट ठरलंच नव्हतं. मी टाकलं हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. पुरुषभर पाण्यात तीन मापं. रोपं जळणार नाहीत तर काय होणार.

मला वाटलं, आता तर प्रश्नच मिटला. दोघी जाऊन सांगू. पण काकूंनी नकार दिला. त्या वस्तीची भटगिरी त्यांच्या घरची. त्याच लग्नाचा मुहूर्त त्यांच्या यजमानांनी काढला होता. भटजींच्याच बायकोने विहीर नासवली असं झालं, तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. वकिलीणबाईंची अडचण आणखी मोठी होती, आणि ती खोटी नव्हती, हे मला कबूल करायलाच हवं. साथ अजून ओसरली नव्हती. मंडळाच्या औषधाने पिकं जळतात हे एका वस्तीत कळलं की दुसऱ्या दिवशी दहा वस्त्यांत कळणार, आणि मग कुणी आम्हाला विहिरीच्या काठावर उभं करणार नव्हतं.

"एका मुलीपायी तू गावातल्या साऱ्या विहिरी बंद पाडशील," त्या म्हणाल्या. "आणि आपला नियम काय आहे? केलेलं सांगायचं नाही."

मला संताप आला. माझा संताप मुळातच लवकर येतो, पण त्या दिवशी तो बरोबर ठिकाणी आला. मी म्हटलं, "चांगलं केलेलं सांगायचं नाही, हा नियम होता. वाईट केलेलं लपवायचं, हा कधी झाला?"

वकिलीणबाईंनी सांगितलं की मी गेले तर माझ्या जबाबदारीवर, मंडळाचं नाव घ्यायचं नाही. मी म्हटलं, नाव तर आपण कधीच घेत नाही. हे बोलणं कडू होतं, पण मी परत घेतलं नाही.

मंगळवारी ऊन उतरायच्या आतच मी मळ्यावर पोचले. झोपडीवजा घराच्या पडवीत ती मुलगी बसली होती. सोळा-सतरा वर्षांची, हातात हिरवा चुडा अजून नवाच, शेजारी बांधून ठेवलेलं एक गाठोडं. मी आले म्हणून ती उठून आत गेली. सासरे मोटेचे बैल चालतात त्या धावेवर मोटेचा नाडा दुरुस्त करत होते. माळीणकाकू जळलेले वाफे खुरप्याने उकरत होत्या.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. एकदा सुरू केल्यावर थांबले नाही. शेजारच्या तीन-चार बाया जमल्या. मी शिव्या खायची तयारी करून गेले होते. शेणाचीही होती.

आणि त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

माळीणकाकू खुरपं खाली ठेवून माझ्याकडे मायेने पाहायला लागल्या. तुमी शिकलेल्या, मनाच्या नरम, म्हणाल्या. पोरीची कीव आली म्हून आपल्या अंगावर घेऊन राहिल्या. औषध टाकलं तर कोणी पाहिलं? कोणाले सांगतलं होतं? कुणीच पाहिलं नव्हतं. ते कुणी पाहू नये म्हणूनच तर आम्ही सारा बंदोबस्त केला होता. जन्मभर मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि मी स्वतः खरं बोलायला गेले तर ते फुकटही कुणी घेईना.

मग मी हट्टाला पेटले. माझ्या पिशवीत औषधाचा डबा होताच. मी म्हटलं, एखादा जिवंत वाफा दाखवा. चांगल्या पाण्यात हे औषध कालवून मी तुमच्यासमोर घालते. उद्या सकाळी रोपं जळली नाहीत, तर मी खोटी आणि मुलीला खुशाल धाडा. जळली, तर ती इथेच राहील.

आंब्याखाली एकच वाफा वाचला होता. मोटेचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं, शेजारणीच्या विहिरीच्या घागरींवर तो कसाबसा जगवला होता. तेवढाच काय तो हिरवा. माळीणकाकू भडकल्या. उरलंसुरलंही जाळायला निघालात का, म्हणून मला चार शब्द ऐकवले, आणि ते रास्तच होते. तेवढ्यात सासरे धावेवरून खाली उतरले.

"घ्या अर्धा वाफा," ते म्हणाले. "पोरीच्या बापाले काय सांगाचं, थे तरी मले खरं ठाऊक पाह्यजे."

मी बादलीत भुकटी कालवली. सगळ्यांसमोर अर्ध्या वाफ्याला पाणी दिलं आणि मधोमध काटक्या रोवल्या. खोटं कशाला बोलू, एक चिमूट मी जास्तच टाकली. माझा हात तो.

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा वस्तीतल्या बाया आधीच वाफ्याभोवती उभ्या होत्या. मला गर्दीतून काही दिसेना. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. औषध जुनं झालं असलं तर? रात्रीतून काहीच झालं नसलं तर? त्या मुलीला आता मीच कायमची पांढऱ्या पायाची ठरवली असती. मी बायांना बाजूला सारून पुढे गेले. काटक्यांच्या अलीकडे मिरचीची रोपं हिरवीगार उभी होती. पलीकडची पानं कडांनी पांढरी पडून लुळी झाली होती. जळलेली रोपं पाहून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पण बायांचे डोळे निवळले नव्हते. एकीने म्हटलं, हिच्या औषधाने जळतं हे कळलं; पण विहिरीत हिनंच टाकलं होतं, हे कसं मानायचं? तेव्हा मागून आवाज आला.

"दुसऱ्या दिवशी मीही टाकलं होतं."

भटजींच्या काकू होत्या. पायी आल्या होत्या, पदर घामाने भिजला होता, आणि मागे मंडळाच्या चौघी. वस्तीतली प्रत्येक बाई त्यांना ओळखत होती. त्यांच्या यजमानांनी इथल्या घराघरांतली लग्नं लावली होती. प्रत्येक शब्द त्या मोठ्याने बोलल्या. कुठल्या वारी आल्या, विहिरीपाशी कुठल्या बाजूने गेल्या, काठावर कुठल्या चिऱ्यावर बादली टेकवली. भटजींना घरी सांगून आले आहे, हेही त्यांनी सांगितलं. त्या बाईंना मी सोमवारी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मात्र शिव्या पडल्या. पोटभर पडल्या. वकिलीणबाईंचं भाकीतही निम्मं खरं ठरलं: आता या विहिरीत कसलंच औषध नको, असा गिल्ला झाला. आम्ही सहाजणी खाली मान घालून ऐकत होतो. पुन्हा सासऱ्यांनीच तोंड उघडलं. पलीकडच्या वस्तीत काल आणखी एक जण गेला, ते म्हणाले; औषध टाकाचं, पण मोजून, साऱ्याईच्या समोर, आनं आमच्याच घरचं कोणीतरी टाकन. आम्ही कबूल झालो. ते नसते म्हणाले, तरी आम्ही तेच मागितलं असतं. पुढे दर वस्तीत आम्ही आधी सांगायला लागलो. दोन ठिकाणी हाकललं, बाकी ठिकाणी भांडून का होईना, टाकू दिलं. वकिलीणबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके सकाळी स्वतःच डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चल, आज कुठली विहीर.

रोपांचं नुकसान काही भरून निघालं नाही. आम्ही विहीर तीनदा उपसायला लावली, वाफे नव्याने केले, बी पेरलं, आणि महिनाभर आळीपाळीने पाणी घालायला गेलो. वकिलांच्या बायका डोक्यावर घागर घेऊन वलगावच्या रस्त्याने जाताना पाहायला लोक थांबायचे. रोपं उशिरा आली, आणि आधीची निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली ती गेलीच.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी गलका ओसरल्यावर माळीणकाकू पडवीकडे गेल्या. मला वाटलं, सुनेला जवळ घेतील, चार गोड शब्द बोलतील. त्या तसल्या नव्हत्या. त्यांनी गाठोडं उचललं, सोडलं, आतली लुगडी दांडीवर टाकली आणि सुनेला म्हणाल्या, "जाय, त्या बाईपासून माप शिकून घे. इहीर आता तूच पाहाची."

मुलगी विहिरीपाशी आली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. डोळे सुजले होते, पण मान वर होती. मी तिच्यासमोर हात जोडले आणि माझी चूक झाली, म्हटलं. तिने नजर आपल्या पायांकडे वळवली. मला वाटलं, लाजली असेल, नवी नवरी आहे. उलट मीच लाजायला हवं होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आठ दिवस मी माह्या पायाकडंच पाहून राहिली होती. मलेबी वाटाले लागलं होतं, का खरंच असन."

तिला धाडलं नाही, एवढ्यावर मी सुटले असं समजत होते, आणि त्या आठ दिवसांचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. सोमवारी दारातच बोलले असते, तर दोन दिवस तरी कमी झाले असते. माझे डोळे भरून आले. तिचे कोरडेच होते. तिने पदर खोचला, माझ्या हातातली दोरी घेतली आणि विहिरीत सोडली.

"आता सांगा," ती म्हणाली. "एवढ्या पान्याले किती टाकाचं?"

मी टिनाचं माप भरलं, वरची भुकटी बोटाने पुसून सपाट केली, आणि तिच्या हातात दिलं.